सतरा नंबरची काच

१

काच गेली ती रविवारी, आणि तीही देवाच्या वेळेत. जॉय साळवे बायकोला घेऊन उपासनेला गेला तेव्हा टेबलावर चोवीस काचा होत्या. अकरा वाजता येऊन बघतो तर तेवीस. बाकीच्या आपापल्या नंबराच्या चिठ्ठीवर हजेरीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या जागच्या जागी, आणि सतरा नंबरची तेवढी गायब, चिठ्ठीसकट.

साडेअकराला तो शेजारच्या पुंजाराम गाडेकरांच्या ओट्यावर येऊन बसला.

पुंजाराम म्हणजे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस हंगाम काढलेला माणूस. उसाच्या ट्रॉलीचा नुसता आवाज ऐकून हे गृहस्थ टनाचा आकडा सांगायचे, आणि काटा त्यांच्याशी जुळला नाही तर कारखाना मिस्त्री बोलावून काटाच दुरुस्त करून घ्यायचा. एकदा भरलेली ट्रॉली काट्यावर चढली, तशी हे खिडकीतून न बघताच म्हणाले, "ऊस अठरा टन, आनि एक मेहुणा." मोळ्या उपसल्या तर खालून खरंच ड्रायव्हरचा मेहुणा निघाला, वजन वाढवायला निजवलेला, केसांत पाचट अडकलेलं. ही गोष्ट खोटी आहे म्हणणारे कोपरगावात दोघंच: एक तो ड्रायव्हर, दुसरा तो मेहुणा.

असा माणूस मे महिन्यात निवृत्त झाला होता. कारखान्याचं धुराडं पेटलेलं आणि आपण घरी, असा त्यांचा हा पहिलाच हंगाम. हाताला नुसती खाज सुटलेली.

"अण्णा, चोरी झाली," जॉय म्हणाला.

"काय गेलं?"

"एक काच."

"खिडकीची?"

"साडेएकेचाळीस हजारांची."

पुंजारामांनी चहाची बशी खाली ठेवली.

जॉयचा धंदा मिशनच्या वसाहतीत कुणालाच नीट कळत नव्हता. सुप्याच्या कंपनीतली रात्रपाळी सोडून सात वर्षांपूर्वी हा पोरगा भंगारवाल्यांच्या दारात फिरायला लागला. जुनी कुलपं, अडकित्ते, रेडिओ, काडेपेटीवरची चित्रं असलं काहीबाही उचलायचा, पुसायचा, फोटो काढायचा आणि मोबाईलवरच्या लिलावाच्या अ‍ॅपवर लावायचा. जामखेडच्या अडकित्त्याला त्यानं कोलकात्यात सासर मिळवून दिलं होतं.

या काचा त्याला कानिफनाथ भंगारवाल्याकडं मिळाल्या, एका बंद पडलेल्या मिशन बंगल्याच्या सामानात. वीज नव्हती तेव्हाची वस्तू. मिशनची माणसं बैलगाडीतून गावोगाव जात, पांढरं धोतर ताणून बांधत, दिवा लावलेल्या पेटीत काच सरकवत, आणि धोतरावर हत्तीएवढं चित्र उभं राही. बहुतेक काचांवर शास्त्रातले प्रसंग, पण सतरा नंबरवर याच गावची माणसं होती: पाऊणशे वर्षांपूर्वीचा सुगीचा सण, टोपल्या-भोपळे डोक्यावर घेऊन देवळाकडं, म्हणजे चर्चकडं, निघालेली बायकांची रांग.

"काल नऊ वाजता लिलाव संपला," जॉय सांगत होता. "हजाराच्या वर जाईल असं वाटलं नव्हतं. गेला साडेएकेचाळीस हजारांवर. घेणारा कोण, माहीत नाही. खातं चार दिवसांचं, पत्ता भरलेला नाही. चार मेसेज टाकले, एक वाचलेला नाही."

"मग चांगलंच की. त्यो न्हाई, काच न्हाई. फिटाफीट झाली."

"तसं नसतं, अण्णा. आठ दिवसांत काचेचा फोटो चढवायचा, शेजारी त्यांनी दिलेला आकडा कागदावर लिहून. वस्तू हातात आहे याचा तो पुरावा. नाही चढवला तर खोटा माल लावला असं धरतात. माझ्यावर आधीच दोन ठपके आहेत, एकदा कप फुटला, एकदा पार्सल उशिरा गेलं. तिसरा बसला की खातं बंद, कायमचं. सात वर्षांचं नाव गेलं. मग मी आहे आणि सुप्याची रात्रपाळी आहे."

"कधीपर्यंत?"

"पुढच्या रविवारी संध्याकाळी सहा. आणि वसाहतीत बोलू नका कुठं. गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर तिथंच मेलो." जॉय जरा पुढं झुकला. "चोर कोण ते मला माहिताय. कानिफनाथ. साडेनऊला त्याचा टेम्पो माझ्या दारात उभा होता, दूधवाल्यानं बघितला."

२

पुंजारामांनी आधी खोली बघितली. पुढची पडवी, तिला जाळीचं दार, दाराला नुसती कडी. वसाहतीत उपासनेला जाताना कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर मारणं.

टेबलावर एक पांढरी चादर पसरलेली होती. एकच कोपरा वर केलेला, तिथून काचा दिसत होत्या.

"हात कुणी लावला?"

"मी एवढा कोपरा उचलला तेवढाच. मोजल्या आणि तुमच्याकडं पळालो."

पुंजाराम खाली वाकले. उरलेले तीन कोपरे तिरपे दुमडून टेबलाच्या फळीखाली खोचलेले होते, पाकिटाचं तोंड बंद करावं तसे, घट्ट आणि सारखे.

"ही चादर कुणाची?"

"आमचीच. बाहेर दोरीवर होती," आतून जॉयची बायको जेनिफर म्हणाली. "यांनी झाकलं असेल धूळ बसू नये म्हणून. म्हटलं, चला, लग्नाच्या सहा वर्षांनी एक काम न सांगता केलं."

जॉय तिच्याकडं बघत राहिला. "मी नाही झाकलं. मला वाटलं तू."

"मी? तुमच्या भंगारावर माझी धुतलेली चादर?"

पुंजारामांनी चादरीचा कोपरा हातानं चाचपून बघितला.

चोवीसातली एक नेली आणि उरलेल्या तेवीस जणींना पांघरूण घालून गेला. चौतीस हंगामांत पुंजारामांनी नाना तऱ्हेचे चोर बघितले होते, पण मागं राहिलेल्या मालाला सर्दी होऊ नये म्हणून काळजी करणारा हा पहिलाच.

"शेजारी कोन हुतं तवा?"

"सगळे उपासनेला. पलीकडं बनुमावशी असती तर तिनं बघितलं असतं," जॉय म्हणाला. "अडतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिच्या नजरेतून मांजर सुटत नाही. पण ती नेमकी सव्वानऊच्या गाडीनं जामखेडला गेली, बहिणीकडं. शनिवारी येणार."

"आनि बाकी काचांत भारी कुठली?"

"नऊ नंबर. नोहाचं तारू, हातानं रंगवलेलं. नगरचा एक व्यापारी तिला आजच वीस हजार देतोय."

"ती हाय?"

"ती आहे."

पुंजारामांनी चष्मा काढून पुसला. "जॉय, चोरानं चादर शोधली, झटकली, चार कोपरं बसवलं. घाई अशी न्हाईच त्याला. ह्यो मानूस चोरी करायला आलाच नव्हता."

"मग काय करायला आला होता?"

"तेच तर," पुंजाराम म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कानिफनाथकडं निघाले.

३

येवला रोडला कानिफनाथचं भंगाराचं आवार. पुंजाराम पोचले तेव्हा तो मोडक्या फ्रिजवर बसून भेळ खात होता.

"या काटेसाहेब. बसा, हा फ्रिज मजबूत हाय."

"जॉयकडं गेल्तास रविवारी?"

भेळेचा हात तोंडापाशी थांबला. "कोन म्हनतं?"

"तुझा टेम्पो म्हनतो. त्याचा सायलेन्सर अख्ख्या वसाहतीला ठाऊक हाय."

कानिफनाथनं कागद चुरगळला. "गेल्तो. का जाऊ नये? ती पेटी मी त्याला काचेच्या भावात दिली, काका. किलोवर. बायकोनं रातच्याला फोनवर दाखवलं, एका काचंला चाळीस हजार. मला घास उतरंना. म्हटलं, जाऊन दोन शब्द तरी बोलावं. बोलून काय मिळत न्हाई, पन पोट हलकं हुतं."

"मग?"

"कुनीच नव्हतं. जाळीतनं बघितलं. टेबलावर पांढरी चादर, मढं झाकल्यावानी. मला कसंतरीच झालं. आल्या पावली फिरलो."

"आत न्हाई गेलास?"

"काका, माझ्या धंद्यात लोक मलाच चोर समजत्यात. रिकाम्या घरात पाऊल टाकायची चैन मला परवडत न्हाई." मग त्यानं आवाज खाली केला. "जॉय पोलिसात जानार हाय व्हय? मागल्या साली कुनाची तरी मोटर गेली तवा चार दिवस माझं आवार उपसलं. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच."

पुंजारामांनी त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. वजन बरोबर वाटत होतं. आणि चादरीचं बोलणं खरं असेल, तर साडेनऊच्या आधीच काच गेली होती.

तिथून ते अब्राहाम मास्तरांकडं गेले. मास्तर निवृत्त शिक्षक, देवळात गायन चालवणारे. जॉयशी त्यांचं भर रस्त्यात वाजलं होतं, हे वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"हो, बोललो मी," मास्तर वहीवरून मान न उचलता म्हणाले. "म्हणालो, आपल्या आयाबायांचा फोटो आहे, देवळात लावू. तो म्हणाला, मास्तर, ज्याला पाहिजे त्यानं बोली लावावी, वसाहतीतल्या माणसाला वेगळा नियम नाही. घरोघरी जाऊन हेच सांगून आला. ठीक आहे. व्यापार आहे त्याचा."

"मग तुमी लावली का बोली?"

"मला फोन उचलायचा कळतो आणि ठेवायचा कळतो. मधलं काही कळत नाही. आणि रविवारी साडेआठपासून मी दीडशे माणसांसमोर पेटी वाजवत होतो." आता त्यांनी मान उचलली. "का हो, काही गेलं का त्याचं?"

"तसं काय न्हाई."

"तसं काही नसताना तुम्ही माझ्या घरी पहिल्यांदा आलात. चौतीस वर्षांचे शेजारी. आमच्या सुगीच्या सणाला दरसाल बोलावतो, एकदा तरी आलात?"

"मास्तर, तुमचा सण आनि आमचा काटा दोन्ही एकदमच भरात. रजा कोन देतंय."

"आता काटा नाही. येत्या रविवारी या."

पुंजारामांनी हो म्हटलं आणि उठले. मास्तरांचं वजनही बरोबर भरत होतं. उरला नगरचा रविराज, लिलावात हरलेला व्यापारी. त्याला त्यांनी वाटेतूनच फोन लावला, विचारता विचारता काच गेल्याचं तोंडून निसटलं, आणि रविराज जे बोलला ते ऐकून पुंजाराम कालव्यावरूनच जॉयच्या घराकडं वळले.

४

"काका, मला काच चोरायची गरज काय? ती काच एवढ्या किमतीची नव्हतीच," रविराज म्हणाला होता. "मी अकरा हजारांपर्यंत गेलो. समोरच्यानं साडेअकरा केले, मी सोडून दिलं. पुढचं बघितलं का तुम्ही? मी गेल्यावर मैदानात दुसरं कुणी नाही, आणि हा पठ्ठ्या एकटाच. पंधरा. वीस. तीस. साडेएकेचाळीस. स्वतःच्याच बोलीवर स्वतः चढवतोय. हे कुणी शहाणा माणूस करतो? तुमच्या जॉयनंच दुसऱ्या नंबरावरून खातं काढलंय. भाव फुगवायचा, गवगवा करायचा, मग बाकीच्या तेवीस काचा त्या भावात खपवायच्या. आणि आता खोटं गिऱ्हाईक पैसे देणार नाही म्हणून काच हरवली. रविवारी मी अ‍ॅपवर तक्रार टाकतोय."

पुंजारामांनी जॉयच्या घरी येऊन बोलींची यादी मागितली. रविराजचं खरं होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी तो सुटला, आणि त्यानंतर पाऊण तासात एकाच खात्यानं चार वेळा स्वतःलाच मागं टाकलं होतं.

ज्या काट्यावर ते आरोपी चढवत होते, त्यावर आता फिर्यादीच उभा होता.

"जॉय, खरं सांग. हे खातं तुझं हाय?"

जॉय लाल झाला, मग पांढरा. जेनिफर आतून लाटणं घेऊनच बाहेर आली.

"अण्णा, यांना एवढी अक्कल असती तर आमच्या घराला स्लॅब पडला असता," ती म्हणाली.

"तू थांब जरा," जॉय म्हणाला. "अण्णा, भाव फुगवायचा असता तर मी रविराजवर चढवला असता, त्याला खेचला असता. तो गेल्यावर कशाला? आणि गवगवा म्हणता, तर मीच तुम्हाला कुठं बोलू नका म्हणून हात जोडतोय."

हे मात्र वजनदार होतं. पुंजाराम घरी आले आणि चार दिवस ओट्यावर बसून राहिले. चौतीस वर्षांत एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. लबाडी म्हटली की कुणाच्या तरी पारड्यात ती फायदा टाकतेच. ट्रॉलीत मेहुणा निजतो तो उसाच्या बिलासाठी. इथं बोली चढली ती चढवणाऱ्याच्याच अंगावर. आणि ज्यात फायदा कुणाचाच नाही ती लबाडी नसते, ती सवय असते.

पण ही असली सवय कुणाला असेल? स्वतःचाच भाव स्वतःवर चढवायची? पुंजारामांनी तमाम व्यापारी, दलाल, बैलबाजारातले हेडे आठवून बघितले. अख्ख्या बाजारात असा एक येडा सापडेना.

शनिवारी संध्याकाळी जॉय आला. खरेदीदाराला अकरा मेसेज गेले होते, एकही वाचलेला नव्हता.

"उद्या सहाला खातं जाणार, अण्णा. त्याआधी मी कानिफनाथच्या नावानं तक्रार देतो. निदान मी चोर नाही हे तरी कागदावर येईल."

"दुपारपर्यंत थांब."

"दुपारी काय होणार आहे?"

"माहीत न्हाई," पुंजाराम म्हणाले. "पन कानिफनाथला मी बारा वाजता देवळापाशी बोलावलंय. माझं नाव राख."

५

रविवारी पुंजाराम धुतलेलं धोतर नेसून देवळात गेले. वेदीसमोर लांबलचक टेबल, त्यावर भोपळे, कणसं, उसाच्या मोळ्या, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला एक कोंबडा. कोंबडा प्रार्थनेच्या मधेच आरवत होता आणि पाळकसाहेब दर वेळी थांबून त्याला पुरा होऊ देत होते.

उपासना संपली आणि टेबल अंगणात आलं. अब्राहाम मास्तर खुर्चीवर चढले. अर्पणाचा लिलाव सुरू झाला, जे येईल ते देवळाच्या कामाला.

पहिला निघाला एक दुधी भोपळा.

"शंभर," मागून एक शेतकरी म्हणाला.

"शंभर एक वार," मास्तर म्हणाले. "शंभर दोन वार."

"दोनशे," कुणीतरी म्हणालं.

पुंजारामांनी वळून बघितलं. तोच शेतकरी.

"तीनशे," तोच पुन्हा म्हणाला. आजूबाजूचे हसले, टाळ्या वाजल्या, आणि साडेचारशेला भोपळा त्याच्याच नावावर सुटला.

पुंजारामांच्या हातातला चहाचा कागदी कप वाकडा झाला. त्यांनी शेजारच्या माणसाच्या कोपराला धरलं. "पाव्हनं, समोर कुनीच न्हाई, मग ह्यो सोतावरच का चढवतोय?"

"देवाच्या दारात कुणाच्या विरुद्ध बोलायचं?" तो माणूस म्हणाला. "वस्तू मनापासनं पाहिजे असली की चढवायचं. आमच्यात असंच."

मधे लिलाव चालूच होता. शेतकऱ्यानं टेबलापाशी जाऊन भोपळा उचलला, खांद्यावर टाकला आणि चालू लागला.

"आनि पैसं?"

"येतील की. कुणी उसाच्या बिलावर देतो, कुणी पगारावर. नाव सुटलं की वस्तू त्याची. ती तिथंच ठेवून गेलं तर उलट वाईट दिसतं."

मास्तर ओरडत होते, कोंबडा ओरडत होता, पुंजारामांना काही ऐकू येत नव्हतं.

टेबल निम्मं रिकामं झालं तशी एक म्हातारी पुढं झाली. सडसडीत, पांढरं लुगडं, पायात कापडी बूट. उरलेल्या फळांवर माश्या बसत होत्या. तिनं पांढरं कापड झटकलं, फळांवर टाकलं आणि कोपरे खोचायला लागली. तिरपी घडी, पाकिटाच्या तोंडासारखी. तळहातानं एकदा दाबून फळीखाली. दुसरा कोपरा. तिसरा. दवाखान्यात खाटेची चादर लावतात तसे.

अंगणाच्या फाटकात कानिफनाथचा टेम्पो फटफटत येऊन थांबला. बारा वाजले होते.

६

देवळामागच्या पाण्याच्या टाकीपाशी पुंजारामांनी सगळ्यांना उभं केलं: जॉय, जेनिफर, मास्तर, आणि चार पावलं लांब, चप्पल काढावी की नाही या विचारात पडलेला कानिफनाथ.

"चोरी झालेलीच न्हाई," पुंजाराम म्हणाले.

"म्हणजे काच आहे?" जॉयचा आवाज चिरकला.

"ऐक. ज्यानं काच नेली त्याला घाई नव्हती, भीती नव्हती, आनि एका काचंशिवाय कशाचा मोह नव्हता. वीस हजाराची नऊ नंबरची डोळ्यासमोर असताना सतराच उचलली. वर तुझ्या मालाला धूळ लागू नये म्हनून झाकून गेला. ह्यो चोर न्हाई, ह्यो मालक. आपली वस्तू न्यायला आल्ता."

"मालक मी आहे."

"शनवारी नऊ वाजेपर्यंत तू हुतास. नंतर जो जिंकला त्यो."

मास्तरांच्या कपाळावरची आठी हलली. त्यांना अर्धं कळलं होतं.

"त्यो रविराज म्हनला, सोतावर बोली चढवनारा मानूस लबाड असनार. त्याचं चूक न्हाई, त्यानं बाजारातलेच लिलाव बघितल्यात. मी बी तेच बघितल्यालं. आज देवळातला बघितला. हितं सोतावर चढवत्यात, आनि नाव सुटलं की वस्तू उचलून घरी जात्यात, पैसं मागनं. जॉय, तू घरोघरी सांगत फिरलास, पाहिजे त्यानं बोली लावा. वसाहतीतल्या एका मानसानं लावली. आपल्याला येती तशी लावली. जिंकल्यावर आपल्या रीतीनं वस्तू उचलली. तुमी उपासनेला, दाराला कडी, त्याला सव्वानऊची गाडी गाठायची."

"सव्वानऊची," जेनिफर हळूच म्हणाली.

"चादरीचं कोपरं दवाखान्याचं," पुंजाराम म्हणाले. "बनुबाई, जरा हिकडं येता का?"

बनुबाई हात पुसत आल्या. "काय रे जॉय, तोंड का असं? आजारी हायस का?"

"मावशी, माझी काच..."

"तुझी कशी? माझ्या नावावर सुटली की." त्यांनी खांद्याच्या पिशवीतून चपात्यांचा स्टीलचा डबा काढला. डब्यात लोकरीचा मफलर, मफलरात काच, शाबूत, चिठ्ठीसकट. "जामखेडला नेलती. एवढ्या एसट्या बदलल्या, ओरखडा न्हाई."

कानिफनाथनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की टाकीवरचं कबूतर उडालं.

"मी अकरा मेसेज टाकले, मावशी."

"गाडीत फोन बंद ठेवते मी. बॅटरी खातो. आनि बंद केला तो केला, तिकडं कशाला लागतो?"

"पण मला सांगायचं तरी. विचारलं असतं तर मी नुसती..."

"तूच म्हनलास ना, वसाहतीतल्याला वेगळा नियम न्हाई? मग आता का?" बनुबाईंनी काच उजेडाकडं धरली. "माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली. फोटो न्हाई, काय न्हाई. ह्या सणाला ती हुती एवढं ऐकून ठाऊक. पन ह्या सगळ्यांत ती कोनती, हे सांगनारं मानूस जगात एकच उरलंय, माझी थोरली बहीन. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आज हाय तर उद्या न्हाई. म्हनून जिंकल्या जिंकल्या पळाले."

"मग? ओळखली त्यांनी?" मास्तरांनी विचारलं.

"मला वाटलं हुतं ही भोपळेवाली. रातभर तिच्याच तोंडाकडं बघत हुते. ताईनं खिडकीत भिंग लावलं आनि म्हनली, ही न्हाई, ही पाटलाची सखू. आई ही." त्यांचं बोट रांगेच्या शेवटी गेलं. तिथं एक बाई पाठमोरी उभी होती, टोपली डोक्यावर, एक हात मागं कुणाला तरी बोलावत उचललेला. "फोटो काढला तवा ताई मागं राहिली हुती, चपलीत काटा मोडून. आई तिला हाक मारायला वळली. ताई म्हनली, तिचं तोंड माझ्याकडं हाय, बने. तुमच्याकडं पाठ."

अंगणात मास्तरांच्या जागी दुसरा कुणीतरी अंड्यांची बोली पुकारत होता.

जॉयनं मोबाईलवर बोलींची यादी काढली. "मावशी, तुम्ही साडेअकरा म्हटल्यावर रविराज थांबला होता. त्याच्यापुढची बोली तुम्ही तुमच्यावरच चढवली. मी साडेअकराच घेतो."

"बोली माझी, तू कोन उतरवनारा? पेन्शन हाय माझी. उद्या बँकेत चल." मग त्या जरा थांबल्या. "आनि ह्या कानिफनाथला काय मिळालं?"

जॉयनं खाली बघितलं. कानिफनाथनं आभाळाकडं बघितलं.

"काचेचा भाव," कानिफनाथ म्हणाला.

"त्याचं माझं आम्ही बघतो," जॉय म्हणाला, आणि टेम्पोकडं चार पावलं जाऊन आला. काय ठरलं ते कुणी ऐकलं नाही, पण कानिफनाथ जाताना देवळातला एक भोपळा बोली लावून घेऊन गेला.

सहाला अजून अवकाश होता. जॉयनं काच बनुबाईंच्या तळहातावरच ठेवली, शेजारी आकड्याचा कागद धरला, फोटो चढवला. अ‍ॅपवर हिरवी खूण आली. खातं वाचलं. त्यानं टाकीला पाठ टेकली आणि मिनिटभर डोळे मिटून उभा राहिला.

मग बनुबाईंनी आठ दिवसांनी फोन चालू केला, तसा तो लगेच वाजला. अ‍ॅप विचारत होतं, वस्तू मिळाली का, विक्रेत्याला किती तारे देता, दोन शब्द लिहा.

"पोरी, तू लिही," त्यांनी फोन जेनिफरच्या हातात दिला. "मी सांगते."

"पाच तारे ना, मावशी?"

"चार. दारात गेले तर घरी नव्हता."

"मावशी, उपासनेला होतो," जॉय म्हणाला.

"चार लिही." बनुबाईंनी काच पुन्हा मफलरात गुंडाळली. "आनि पुढं लिही, वस्तू सांगितल्याप्रमाणे आहे. आई पाठमोरी निघाली, पण तो विकणाऱ्याचा दोष नाही."